भिंतीचं भाडं

जानेवारीत पसरणीचा घाट चढताना
स्वेटरच्या आत, पोटावर, मी पेपर ठेवतो.
वाईत सकाळी सहाला घेतलेला. वाचायचा रात्री.
पहिल्या पानावर फोटो असतोच:
वेण्णा लेकवर दवाचं बर्फ झालं,
पर्यटकांनी लुटला आनंद.
तो आनंद माझ्या बेंबीवर ऊब घेत
महाबळेश्वरला पोचतो.

मी मीटरवाला. कंत्राटी.
आकड्याचा फोटो काढायचा, पुढचं दार.
बोटं वळत नाहीत,
पहिले चार फोटो हललेले येतात.

लिंगमळ्याच्या बंगल्यात कुणी राहत नाही.
तरी सहाशे युनिट.
मालक शनिवारी येणार म्हणून
सोमवारपासून हीटर गाद्या शेकत बसतो.
खाली माळ्याच्या खोलीत बारा.
"दुपारी वर जाऊन गाद्या उलथ्या करतो,"
माळी सांगतो, "जरा सावकाश करतो."

मेटगुताडला ढेबेबाईंच्या गीझरच्या बटणावर
चिकटपट्टी, त्यावर पेननं लिहिलेलं: रविवार.
त्यांच्या पलीकडे कोंडिबा गोरे
चुलीत दोन विटा तापवतात, फडक्यात गुंडाळतात,
एक स्वतःच्या पायाशी.
दुसरी म्हातारीची होती. आता ती कुत्र्याला.
"सवय मोडत नाही," म्हणतात,
"आणि मोळी दोनशेला झाली म्हणून काय
अर्धीच आग लागते व्हय?"

शेवटचं दार बाजारपेठेच्या मागं.
तीन खोल्या, एका मापाच्या, एका पत्र्याखाली,
पण मधलीला तीनशे रुपये जास्त.
तिची मागची भिंत नालबंदांच्या बेकरीची,
भिंतीपल्याड भट्टी.

मधलीत शेवंता पारठे. हॉटेलच्या चादरी धुते.
पोराचा गणवेश ती भिंतीला खिळ्यांवर वाळवायची,
सकाळी त्याला पावाचा वास यायचा,
शाळेत पोरं त्याला नानकटाई म्हणायची.
संध्याकाळी दोन्हीकडच्या बाया यायच्या
लसूण घेऊन, मटार घेऊन.
भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून
रांगेत बसायच्या,
एसटी यायची आहे जणू.
पोटुशी असेल तिला मधली जागा.
तिथं भिंत सगळ्यात काळी आणि सगळ्यात गोड.
कोण किती वेळ बसली, हे कुणी मोजलं नाही.
माझ्या मोबाइलमध्ये त्याला रकानाच नव्हता.
युनिट एकोणीस. दर महिन्याला एकोणीस.

यंदा आकडा चौऱ्याहत्तर.
मी काच पुसली, परत फोटो काढला.
"बरोबर हाय तो," ती आतून म्हणाली.
"नालबंदांनी विजेची भट्टी आणली दिवाळीत.
धूर नको म्हणत हुते हॉटेलवाले.
मी कॉइल घेतली. तासभर लावते,
पोरगं झोपंस्तोवर."

आणि भाडं?

"तेवढंच. मालक म्हणले,
भिंत कुठं गेलीया?"

मी तळवा टेकवला.
खरंच, भिंत होती.

तेवढ्यात बाया आल्याच, लसूण घेऊन.
बसल्या तिथंच, त्याच रांगेत,
फक्त आता भिंत आणि पाठीमध्ये
हॉटेलनं टाकून दिलेली एक चादर, दुहेरी घडीची.
एकजण म्हणाली, सरक की गं.
दुसरी सरकली ती जवळच.

निघताना शेवंतानं विचारलं, पेपर हाय का जुना?
खिडकीच्या फटीत कोंबायला.
आजचा होता. वाचला नव्हता.
चेन खाली ओढून दिला.

तिनं तो लगेच कोंबला नाही.
दोन्ही हातांत धरून उभी राहिली,
मग पोराला हाक मारली, त्याच्या पाठीवर
सदऱ्याच्या आत सरकवला.
"पळ, गार व्हायच्या आत गृहपाठ कर."

घाट उतरताना पोटाला वारा लागत होता.
बर्फाचा फोटो वर राहिला,
एका पोराच्या पाठीवर,
गणित सुटेपर्यंत.